भिंतीवरची स्लाईड हातातल्या फोनवर आणताना

"भाऊ, हे अक्षरं होय का मुंग्या होय?"

मावशींनी फोन काउंटरवर ठेवला. शेतीशाळेत भिंतीवर दाखवलेली गुलाबी बोंडअळीची स्लाईड त्यांच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर आली होती. भिंतीवर ती शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होती. फोनवर मात्र दोन बोटांनी ताणली की वाक्याचं शेपूट पडद्याबाहेर, आणि सरकवली की तोंड बाहेर. मावशींच्या शब्दांत, "मोठं कराले गेलं का वाक्य पळून जाते."

माझं यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात फाट्यावर दुकान आहे. सातबारा, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स, लॅमिनेशन, आणि मधल्या रिकाम्या वेळात साधी वेबपानं करून देणं. "एवढ्या पीपीटीचं पान करून द्या" हे काम आता नेहमीचं झालंय. शेतीशाळा, बचत गट, ग्रामसभा, शाळेचा पालक मेळावा, सगळीकडे स्लाईडच असतात. आणणाऱ्याला वाटतं, एक बटण दाबलं की झालं. बटण आहेही. पण त्यातून बहुतेक वेळा मुंग्याच बाहेर पडतात. त्या का पडतात आणि मग काय करावं, ते इथे उलगडून सांगतो.

आधी मुंग्यांचा हिशेब. पॉवरपॉइंटची आजची रुंद स्लाईड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. अक्षरांचं माप पॉइंटमध्ये मोजतात, एका इंचात ७२ पॉइंट. म्हणजे स्लाईडची रुंदी झाली ९६० पॉइंट. आपल्याकडच्या साध्या अँड्रॉइड फोनचा उभा पडदा ब्राउझरच्या लेखी साधारण ३६० पिक्सेल रुंद असतो. ९६० ची वस्तू ३६० मध्ये कोंबली की तिच्यातलं २४ पॉइंटचं अक्षर ९ पिक्सेलचं उरतं. निवांत वाचायला १६ तरी हवेत. त्यात मराठीचं अक्षर म्हणजे वर रफार-मात्रा, खाली उकार, पोटात जोडाक्षर. ९ पिक्सेलमध्ये "र्क" आणि "क" सारखेच काळे ठिपके दिसतात. मावशींचे डोळे चांगले आहेत, दोष त्या ९ चा होता.

फ्लेक्स आणि पंगत

स्लाईड म्हणजे फ्लेक्सचा बॅनर. दहा बाय चारचा छापला की तो दहा बाय चारचाच राहणार. लहान दारातून न्यायचा तर दुमडा, नाहीतर लांबून बघा. त्यावरच्या प्रत्येक अक्षराची जागा सुतारासारखी मापून ठरवलेली असते.

वेबपान म्हणजे पंगत. वाढायचा क्रम ठरलेला. मीठ, चटणी, कोशिंबीर, मग भाजी, मग वरण-भात. रांगा किती बसतील ते मात्र जागेवर ठरतं. मोठ्या मांडवात चार रांगा, घरच्या अंगणात दोन, ओसरीवर एकच. जेवण तेच आणि क्रमही तोच, बसणं जागेप्रमाणे. ब्राउझर हा तो पंगत बसवणारा माणूस. तुम्ही त्याला फक्त एवढंच सांगायचं की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे, हे चित्र आहे. किती रुंदीत ओळ मोडायची ते तो फोन बघून ठरवतो.

म्हणून स्लाईडचं वेबपान करणं म्हणजे देखावा उचलून नेणं नाही. आतली रचना आणि अर्थ न्यायचा आणि देखावा तिथेच भिंतीवर सोडायचा. हे पटवायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. गिऱ्हाईक म्हणतो, "अगदी असंच दिसलं पाहिजे." अगदी असंच दिसेल तर मुंग्याच दिसतील ना, भाऊ.

ही चूक आजची नाही. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये फोरथॉट नावाच्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी काढलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी १.४ कोटी डॉलरला घेतली. पुढे इंटरनेट आलं तेव्हा पॉवरपॉइंट २००० मध्ये "वेबपान म्हणून जतन करा" अशी सोय होती. ती अट्टाहासाने स्लाईड जशीच्या तशी दाखवायला बघायची. त्यासाठी आकृत्या व्हीएमएल नावाच्या भाषेत लिहायची आणि ती भाषा इंटरनेट एक्सप्लोररलाच यायची. दुसऱ्या ब्राउझरांनाही चालेल असं पान हवं असेल तर वेगळा पर्याय निवडावा लागे, आणि तिथेच खाली बारीक सूचना असायची की फाइल मोठी होईल. नंतर आकृत्यांसाठी एसव्हीजी हे सगळ्यांचं मिळून ठरलेलं मानक आलं, ती जुनी सोय मेनूतून गेली, आणि १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोररचा आधारही थांबला. "जसंच्या तसं"च्या हट्टाने केलेली त्या काळची पानं आज अर्धवट उघडतात. तीच माहिती साध्या शीर्षक-परिच्छेदात लिहिली असती तर आजच्या फोनवरही नीट दिसली असती.

फाइलचं पोतं उसवून बघा

आता एक गंमत करून बघा. कुठल्याही नव्या धाटणीच्या पीपीटीएक्स फाइलची आधी एक प्रत काढा. मग त्या प्रतीच्या नावातलं शेवटचं "पीपीटीएक्स" पुसून तिथे "झिप" लिहा आणि उघडा. ऑफिस २००७ पासून ही फाइल म्हणजे एक बांधलेलं पोतंच आहे. आत फोल्डर असतात. एकात प्रत्येक स्लाईडचा मजकूर, एकात सगळी चित्रं, एकात मांडणीचे साचे, एकात रंग आणि फॉन्टची थीम, आणि तुम्ही लिहिली असतील तर वक्त्याच्या टिपणांचं वेगळं फोल्डर.

स्लाईडची फाइल वाचली तर आकडे बघून डोकं गरगरतं. जागा सेंटीमीटरमध्ये नसते, पॉइंटमध्येही नसते. ईएमयू नावाचं माप आहे, एका इंचात ९,१४,४०० ईएमयू. का एवढं विचित्र? कारण या आकड्याने इंच, सेंटीमीटर आणि पॉइंट तिन्ही पूर्णांकात बसतात. सेंटीमीटरला ३,६०,००० आणि पॉइंटला १२,७००. अपूर्णांकाची भानगडच नको. गिरणीवाल्याने किलो, पायली आणि शेर तिन्हींना चालेल असं एकच बारीक वजन ठेवावं, तसा प्रकार.

बऱ्याचदा शीर्षकाच्या चौकटीला जागाच लिहिलेली नसते. कारण ती जागा साच्यात असते, आणि साच्यातही नसली तर साच्याच्या साच्यात. पान करणाऱ्या प्रोग्रॅमला तीन फाइली चाळून मग कळतं की हे शीर्षक नक्की कुठे बसतं. म्हणूनच फुकटातले बरेच कन्व्हर्टर इथे धडपडतात आणि मजकूर एकावर एक चढवून ठेवतात.

पण या पोत्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे क्रम. स्लाईडवरच्या वस्तू फाइलमध्ये खालून वर अशा रचलेल्या असतात. जी आधी ठेवली ती तळाशी, जी शेवटी ठेवली ती सगळ्यांच्या वर. डोळ्याला याचा पत्ता लागत नाही. मावशींच्या त्या स्लाईडमध्ये कुणीतरी आधी कपाशीचा फोटो टाकला होता, मग तारखेची चौकट, मग मुद्दे, आणि सगळ्यात शेवटी शीर्षक. भिंतीवर शीर्षक दिमाखात वर होतं. पान करताना मजकूर ओढून काढला तर क्रम लागला: फोटो, तारीख, मुद्दे, आणि तळाला "गुलाबी बोंडअळी". ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात, त्यांना हाच उलटा क्रम ऐकू येतो. पंगतीत आधी ताक आणि शेवटी मीठ वाढल्यासारखं. पॉवरपॉइंटच्या निवड-पट्टीत (सिलेक्शन पेन) या वस्तू वरखाली करून क्रम लावता येतो. पान करायच्या आधी दहा मिनिटं तिथे घालवलीत तर पुढचा तासभर वाचतो.

चित्रांच्या फोल्डरबद्दल एक इशारा देऊन ठेवतो. स्लाईडमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमधून जात नाही, फक्त झाकला जातो. एकदा एका गटाच्या स्लाईडवर कुणाच्या तरी आधार कार्डाचा फक्त फोटोचा कोपरा दिसत होता. पोतं उसवलं तर आत अख्खं कार्ड, नंबरासकट. आलेखाचंही तसंच. स्लाईडवर चार खांब दिसतात, पण मागे अख्खी एक्सेलची वही जोडलेली असू शकते. पान करताना त्या वहीतले आकडे घेऊन साधा तक्ता करता येतो, हा फायदा. पण मूळ फाइल जशीच्या तशी गावभर पाठवायच्या आधी "कॉम्प्रेस पिक्चर्स" या पर्यायात जाऊन कापलेला भाग खरोखर काढून टाका.

आणि फोटोंचं वजन. आजच्या फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद असतो. वाचणाऱ्याच्या पडद्याला १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरून उरतो. उरलेला डेटा उगाच लोकांच्या रिचार्जमधून जातो.

कापूस कुठे गेला?

आता आपल्या भागातलं खरं दुखणं. पोत्यातून मजकूर काढला आणि ब्राउझरमध्ये टाकला, तर काही स्लाईडवर मराठी नव्हतीच. "कापूस" या शब्दाच्या जागी इंग्रजीतली डी, के, आय, डब्ल्यू, एल अशी पाच अक्षरं. कृती देव फॉन्टात टाइप केलेली ती स्लाईड होती.

जुन्या टायपिंगवाल्यांना हे लगेच कळेल. कृती देवसारख्या फॉन्टात संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी "डी"च दाबलेला असतो. फॉन्ट फक्त त्या डीच्या अंगावर "क"चं चित्र चढवतो. बहुरूप्यासारखं. सोंग उतरलं की खाली डी. ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथे सोंग टिकतं, आणि मावशींच्या फोनवर तो फॉन्ट नाही म्हणून उतरतं. युनिकोडमध्ये मात्र "क" हा खरोखरच "क" असतो. त्याला जगात एकच क्रमांक दिलेला आहे, मग फॉन्ट कोणताही असो.

मग नुसतं डी काढून क टाकलं की झालं? तिथेच खरी मेख आहे. जुने फॉन्ट दिसतं त्या क्रमाने टाइप होतात, युनिकोड बोलतो त्या क्रमाने साठवतं. "किडा" मधली ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. "निंबोळी अर्क" मधला रफार क च्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्यात तो क नंतर येतो, पण उच्चारात आधी आहे म्हणून युनिकोडमध्ये अ, र, हलन्त, क. चांगला कन्व्हर्टर ही उलटापालट करतो, साधा करत नाही, आणि मग रफार शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

दुसरी मेख म्हणजे खिचडी. एकाच ओळीत मराठी कृती देवमध्ये आणि औषधाचं नाव खऱ्या इंग्रजीत. अख्खी ओळ कन्व्हर्टरमध्ये घातली तर औषधाच्या नावाचा मराठी भुगा होतो. पोत्यातल्या फाइलमध्ये मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला आपापल्या फॉन्टचं नाव लिहिलेलं सापडतं. ते बघून फक्त जुन्या फॉन्टाचे तुकडे बदलायचे. आणि काहीही करा, फवारणीचं प्रमाण, टक्के, दशांश चिन्ह हे सगळं शेवटी मूळ स्लाईड शेजारी ठेवून डोळ्याने ताडून घ्या. इथे एक टिंब हललं तर पिकावर जातं.

युनिकोड झालं म्हणून सुटलो असंही नाही. "शेतकऱ्यांना" हा शब्द घ्या. यातला अर्धा ऱ लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे, पण पानात शोधायला गेलं तर एकाला दुसरा सापडेलच असं नाही. अदृश्य चिन्ह वाटेत गळालं तर "शेतकर्यांना" असं होतं, जे तुम्ही नेटवर शंभरदा पाहिलं असेल. मी सरळ पहिली पद्धत धरतो आणि सगळीकडे तीच ठेवतो.

पानाच्या सुरुवातीला दोन गोष्टी न चुकता लिहायच्या. एक, अक्षरांची साठवण यूटीएफ-८ आहे हे. आणि तेही पहिल्या १०२४ बाइटच्या आत, कारण ब्राउझर ही खूण तेवढ्यातच शोधतो. ती नसेल तर ब्राउझर अंदाज करतो आणि मराठीच्या जागी भलत्याच चिन्हांची नक्षी उमटू शकते. दुसरी, पानाची भाषा मराठी आहे हे. त्याने वाचून दाखवणारा फोन मराठी आवाज निवडू शकतो, आणि काही फॉन्टांमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. बारीक गोष्ट आहे, पण आपला ल दिसला की बरं वाटतं.

स्लाईडमधल्या सजावटीच्या सवयी मात्र सोडा. अक्षरांमध्ये अंतर वाढवलं तर इंग्रजीत ऐटदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरं मराठीची नाहीतच, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून वाकडं करतो. ओळींमधली जागा अक्षराच्या दीडपट ते पावणेदोनपट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो.

एकच पान, वेगवेगळे ब्राउझर

ब्राउझर दिसायला ढीगभर, पण आतली इंजिनं मोजकी. क्रोम, एज, ऑपेरा, सॅमसंगचा ब्राउझर, हे सगळे ब्लिंक या एकाच इंजिनावर चालतात. एज जानेवारी २०२० पासून त्यात आला. फायरफॉक्सचं गेको वेगळं, आयफोनमधल्या सफारीचं वेबकिट वेगळं. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत वेबकिटच असतं, त्यामुळे "मी क्रोममध्ये तपासलं" याला आयफोनच्या बाबतीत काही अर्थ नाही.

पण खेड्यात मोठा फरक ब्राउझरच्या नावापेक्षा त्याच्या वयाचा असतो. फोनमधली जागा भरली म्हणून कधीच अपडेट न केलेलं क्रोम मी रोज बघतो. आणि बटणांचे फोनही अजून खिशात आहेत. २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा पडदा २.४ इंची, २४० पिक्सेल रुंद. त्याच्या कायओएस या प्रणालीतला ब्राउझर गेकोच्या ४८ व्या आवृत्तीवरचा. ग्रिड नावाची आजची लोकप्रिय मांडणी फायरफॉक्समध्ये ५२ व्या आवृत्तीपासून आली. म्हणजे ग्रिडवर उभं केलेलं पान तिथे ग्रिडशिवायच उघडणार.

मग कोसळणार का? नाही, आणि वेबची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. सजावटीच्या भाषेत, म्हणजे सीएसएसमध्ये, ब्राउझरला न कळणारी सूचना आली तर तो रुसत नाही. ती ओळ सोडून पुढे जातो. म्हणून आधी पान असं लिहायचं की सगळी सजावट काढली तरी वरून खाली वाचता यावं. शीर्षक, दोन वाक्यं, चित्र, यादी. मग वरून सांगायचं की रुंद पडदा असेल आणि ग्रिड येत असेल तर चित्र आणि यादी शेजारी शेजारी घे. ज्याला येतं तो घेईल, नाही येत तो एकाखाली एक दाखवेल. आधी वरण-भात वाढायचा, तूप असेल त्याच्या ताटात तूप. उलट जे तूपच आधी वाढतात, त्यांची पानं जुन्या फोनवर कोरी उघडतात.

हे उलटं कसं होतं ते मी स्वतः करून पाहिलंय. पहिल्या वेळी हौसेने प्रत्येक स्लाईडची बरोबर पडदाभर उंचीची एक चौकट केली, बोट फिरवलं की पुढची. माझ्या लॅपटॉपवर झकास. फोनवर ब्राउझरची पत्त्याची पट्टी मध्येच येते-जाते, त्यामुळे पडद्याची उंची हलती. शेवटची ओळ पट्टीखाली दडायची, आणि नेमकी ती "फवारणी करताना तोंडाला कापड बांधा" ही होती. पडद्याच्या हलत्या उंचीसाठी वेगळं माप आता आलं आहे, पण २०२२ नंतरच्या ब्राउझरांना. मी तो नादच सोडला. कमीत कमी उंची सांगायची, पक्की उंची कधीच नाही. मजकूर वाढला तर चौकटीने वाढावं.

आणखी एक ओळ विसरली की सगळी मेहनत पाण्यात जाते, ती म्हणजे पानाची रुंदी फोनच्या रुंदीएवढी धर हे सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ. ती नसेल तर मोबाइलचा ब्राउझर पान संगणकासाठी आहे असं समजतो, ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो. म्हणजे परत मुंग्या.

बाकी किरकोळ. स्लाईडमधले डब्ल्यूएमव्ही व्हिडिओ ब्राउझरमध्ये चालत नाहीत, एच.२६४ या पद्धतीचे एमपी४ करून घ्या. ईएमएफ, डब्ल्यूएमएफ या जुन्या चित्रांचे पीएनजी किंवा एसव्हीजी करा. आवाजासकट आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ब्राउझर अडवतात, आणि बरंच करतात. रुंद तक्ता असेल तर त्यालाच आडवं सरकता येईल अशा चौकटीत ठेवा, अख्खं पान आडवं सरकायला नको. उडत येणारी अक्षरं? टाकून द्या.

चित्रं करून टाकली तर?

सगळ्या स्लाईडची जेपीजी काढून एकाखाली एक लावायची, हा आळशी मार्ग. फॉन्टची कटकट नाही, सगळीकडे सारखं दिसतं. पण अक्षर मेलेलं असतं. शोधता येत नाही, वाचून घेता येत नाही, ओळ मोडत नाही. वजनाचंही बघा. यूटीएफ-८ मध्ये मराठीचं एक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे "कापूस" १५ बाइटचा. अख्ख्या शेतीशाळेचा मजकूर एका लहानशा फोटोपेक्षा हलका भरतो. आणि मावशींचा मूळ त्रास तर तसाच राहतो. फुलांची-किडींची चित्रगॅलरी असेल तरच मी हे करतो. पीडीएफ छापायला उत्तम, फोनवर तिच्यातही ओळ मोडत नाही. गूगल स्लाइड्सची वेबवर प्रसिद्ध करण्याची सोय सगळ्या ब्राउझरांत चालते, पण ती स्लाईडच दाखवते, लहान करून.

ज्यांना खरंच भिंतीवर दाखवायचं आहे आणि तेही ब्राउझरमधून, त्यांच्यासाठी रिव्हील.जेएस नावाचं साधन आहे. हाकिम एल हत्ताब यांनी २०११ च्या सुमारास सुरू केलेलं, फुकट. त्यात स्लाईड मुळातच वेबच्या भाषेत लिहायची, त्यामुळे रूपांतराची भानगडच उरत नाही. ग्रामसभेच्या प्रोजेक्टरला मी हेच वापरतो.

स्लाईडवर नसलेलं बोलणं

तंत्र सगळं जमलं, पान मावशींच्या फोनवर स्वच्छ उघडलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "८ पतंग, ३ रात्री. म्हणजे साऱ्या वावरात मिळून का?"

स्लाईडवर खरोखर तेवढंच होतं. "आर्थिक नुकसान पातळी: ८ पतंग, ३ रात्री." भिंतीसमोर उभे राहून कृषी सहायकांनी बाकीचं तोंडाने सांगितलं होतं. एकरी २ कामगंध सापळे (बोंडअळीचे नर पतंग वासाने ओढणारे) लावा, रोज सकाळी मोजा, सलग ३ रात्री एकेका सापळ्यात दर रात्री ८ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय करायची वेळ झाली. स्लाईड हा बोलणाऱ्याचा आधार असतो, त्यात अर्धी गोष्ट मुद्दाम नसते. पान एकटं वाचलं जातं, रात्री, घरी, विचारायला कुणी नसताना. म्हणून टिपणांचं ते फोल्डर उघडा. तिथे काही असेल तर ते मुद्द्याखाली परिच्छेद करून घाला. नसेल तर सादर करणाऱ्याला फोन लावून एकेक स्लाईड बोलायला सांगा आणि लिहून घ्या. मी साहेबांना तसंच बसवलं. तासाभरात सोळा स्लाईडचं बोलणं वहीत उतरलं.

चित्रांमागचं वर्णनही तेव्हाच लिहून होतं. चित्राच्या पर्यायी मजकुरात "फोटो १" लिहू नका. "डोमकळी: पाकळ्या उमलल्याच नाहीत, अळीने धाग्याने गुंडाळल्यामुळे फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं" असं लिहा. रेंज गेली आणि फोटो उतरला नाही तरी वावरात उभ्या माणसाला हे वाक्य दिसतं.

शेवटची अडचण पान पोचवायची. लोक दुवा पाठवण्यापेक्षा फाइलच पाठवतात, कारण वावरात नेट नसतं. पान आणि चित्रं वेगळी असतील तर व्हॉट्सॲपवरून आलेलं एकटं पान उघडल्यावर चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. म्हणून मी चित्रं लहान करून पानाच्या पोटातच मजकूर म्हणून भरतो, बेस-६४ करून. वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढतं, पण फाइल एकच राहते आणि रेंजशिवाय उघडते.

तिचा तोटाही आहे. दुव्यामागचं पान मी इथे बसून दुरुस्त करू शकतो, गावात फिरणारी फाइल नाही. म्हणून पानाच्या अगदी वर, शीर्षकाच्याही आधी, मोठ्या अक्षरात तारीख आणि हंगाम लिहायला लागलो. परवा एक काका फोन दाखवत होते. "भाऊ, हे तुमचंच होय ना?" माझंच होतं, मागच्या खरिपाचं. वरची तारीख वाचून त्यांनी स्वतःच विचारलं, "मंग यंदाचं कुठी हाय?" तिथेच नवीन पाठवलं आणि जुनं काढून टाकायला लावलं.